टिटवीची अंडी आणि गावाची राखण

(कसबा पेठेत झालेल्या एका व्याख्यानाचे शब्दांकन)



पंचतंत्रातील टिटवीची गोष्ट येथे बसलेल्या बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. समुद्रकाठी टिटवीने अंडी घातली आणि बळाच्या मदात सागराने ती ओढून नेली. एकटा टिटवा काय करणार? त्याने सर्व पक्ष्यांना हाक घातली. पक्षी गरुडाकडे गेले, गरुडाने भगवान विष्णूंकडे गाऱ्हाणे नेले आणि अखेर सागराला अंडी परत करावी लागली. दुबळे एकत्र आले की सागरालाही नमावे लागते, हा त्या गोष्टीचा बोध. कोकणच्या किनाऱ्यावर ही गोष्ट आपल्याच काळात जवळजवळ जशीच्या तशी घडली आहे. योगायोग असा, की तिचा आरंभही गरुडापासूनच होतो.

चिपळूण येथे १९९२ साली ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था स्थापन झाली. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाचा अभ्यास करू लागले. पांढऱ्या पोटाचा हा भव्य पक्षी किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचे प्रचंड घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे तेच घरटे डागडुजी करून वापरतो. कार्यकर्त्यांनी हंगाम साधून गावोगाव हिंडायचे, घरटी शोधायची, त्यांची नोंद ठेवायची आणि ज्याच्या वाडीत ते झाड आहे त्याला ते न तोडण्याविषयी समजवायचे, असे ते काम होते. त्यात टाळ्या नाहीत, हारतुरे नाहीत.

याच भ्रमंतीत किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीची दुःखे उघडी पडत गेली. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील गुहांत भारतीय पाकोळी आपल्या लाळेने घरटी बांधते. परदेशात त्या घरट्यांचे सूप करतात आणि त्यासाठी ती चोरली जात होती. संस्थेने हे प्रकरण सरकारी यंत्रणांपर्यंत नेले आणि चोरांना आळा बसला.

आणि २००२ साली गरुडाच्या घरट्यांचा शोध घेत ही मंडळी रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळासला पोहोचली. पुणेकरांना हे गाव परके नाही. नाना फडणवीसांचे ते मूळ गाव. तेथील पुळणीवर कार्यकर्त्यांना अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले, की ती ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवाची आहेत. मादी रात्री वाळूत येते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. ती पुन्हा मागे वळून पाहत नाही. मागोमाग कोल्हे-कुत्री येत, आणि त्यांच्याही आधी माणूस येई. अंडी उकरली जात, खाल्ली जात, विकली जात.

येथे क्षणभर थांबून आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर कासव असते. कूर्म हा दशावतारांतील दुसरा अवतार. कासवी केवळ आपल्या दृष्टीने पिल्लांचे पोषण करते, हा दृष्टान्त संतांनी घरोघरी पोहोचवला. अशा कासवाला नमस्कार करणारा समाजच त्याची अंडी बाजारात नेत होता. श्रद्धा होती, परंतु ती देवळाच्या पायरीवरून उतरून पुळणीपर्यंत पोहोचली नव्हती. याचा दोष कोणा परक्याला देता येणार नाही.

वन्यजीव कायद्याने कासवाला संरक्षण होतेच. पण पहाटे तीन वाजता वाळूवर कायदा उभा राहत नाही, माणूस उभा राहावा लागतो. संस्थेने ग्रामस्थांनाच विश्वासात घेतले. ज्यांना अंडी कोठे सापडतात हे ठाऊक होते, तेच राखणदार झाले. पहिल्याच हंगामात पन्नास घरटी राखली गेली.

हे काम कसे चालते ते जाणून घेण्यासारखे आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कासवमित्र रात्री व पहाटे किनारा चालतात. वाळूवरील वल्ह्यांच्या खुणांवरून घरटे ओळखतात. अंडी हलक्या हाताने, उलटीपालटी होऊ न देता काढायची, भरतीरेषेच्या वर जाळी लावून केलेल्या कुंपणात आणायची आणि मूळ घरट्याइतक्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. म्हणून त्या सुमारास खड्ड्यावर टोपली पालथी घालून सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. पिल्ले पाण्यात टाकायची नसतात. लाटेपासून थोड्या अंतरावर सोडून त्यांना स्वतःच्या बळावर जाऊ द्यायचे असते.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले, तेथेच जेवू लागले. अंडी विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा अंडी राखून मिळणारे उत्पन्न मानाचे ठरले. हळूहळू इतर गावांनी हे काम उचलले. पुढे वनखात्याचा हातभार लागला.

या कष्टांचा अर्थ किती विशाल आहे पाहा. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूणचिठ्ठी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. तिने सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास केला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पूर्व आणि पश्चिम सागर तिने एका सूत्रात ओवले. ओडिशातील मच्छीमाराने जे राखले ते गुहागरच्या तरुणाच्या ओंजळीत आले.

मात्र काम संपलेले नाही. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. वाळू अधिक तापली तर माद्याच अधिक निपजतात. गावातील तरुण पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला जातो. मग रात्रीचा किनारा कोणी चालायचा? शहरातून येणारी गर्दी विजेऱ्यांचा झोत टाकते, पिल्ले हातात घेण्याचा हट्ट धरते, एखाद्या दिवशी पिल्ले निघाली नाहीत तर यजमानावर रागावते.

वेळासला जाणाऱ्याने ही शिस्त पाळावी. गावकऱ्याच्या घरी उतरावे, कासवमित्र सांगतील तेथेच उभे राहावे, आपला कचरा परत आणावा. आणि वेळास दूर वाटत असेल, तर उन्हाळ्यात नदीकाठच्या वा माळावरच्या उघड्या जमिनीवर टिटवी आजही अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, की मुलांना घेऊन चार पावले मागे सरावे, सोबतच्या कुत्र्याची साखळी आवळावी. घरी परतल्यावर त्यांना पंचतंत्रातील ती गोष्ट सांगावी. त्या रात्री ती त्यांना खरी वाटेल.