आमच्या गावची मंडळी



आज मी आपल्याशी एका लहानशा देवळाविषयी बोलणार आहे. हे देऊळ ख्रिस्ती लोकांचे. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी ते उभे आहे. दगडी भिंती, वर पत्रे, पुढे लिंबाचे झाड आणि झाडाला नव्हे, पण झाडाशेजारच्या लोखंडी खांबाला टांगलेली एक घंटा. एवढाच त्याचा थाट. परदेशी चित्रांत दिसणारे उंच मनोरे आणि रंगीत काचा तेथे शोधू नका. माझे बालपण त्या घंटेच्या आवाजात गेले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी असे एखादे चर्च असेल. रविवारी सकाळी तेथून पेटीचा सूर येतो, पांढरी लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या बायका हातात पुस्तक घेऊन जाताना दिसतात, नाताळात कागदी चांदणी लागते. पण आत काय चालते, हे शेजाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. शेजारी राहूनही घर न पाहिल्यासारखे हे झाले. म्हणून म्हटले, आज आपल्याला उंबरठ्याच्या आत न्यावे.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. मराठी आणि ख्रिस्ती धर्म यांची ओळख फार जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ओवी छंदात 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. म्हणजे तुकोबा अजून लहान होते, त्या वेळची ही गोष्ट. आमच्या भागात हा धर्म आला तो पुढे दोन शतकांनी. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. १८४२ साली तेथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. शिक्षकबंधूंना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नगरला मिस सिंथिया फॅरार या बाई मुलींच्या शाळा चालवीत. त्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या आणि मग पुण्यात मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले.

खेड्यापाड्यांत हा धर्म स्वीकारणारे बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे होते. ज्यांना पाटीला हात लावू देत नव्हते त्यांच्या हाती पाटी आली, पुस्तक आले, हे त्यांचे मोठे आकर्षण होते. माझे पणजोबा त्यांतलेच. आडनाव तेच राहिले, बोली तीच राहिली, भाकरीही तीच राहिली. देवाचे नाव मात्र बदलले.

आता रविवारच्या उपासनेस चला. पहिली घंटा साडेआठला होते. ती ऐकून घरोघर अंघोळी उरकतात. दुसरी घंटा नऊला होते. पायताणे दाराबाहेर काढायची आणि आत सतरंजीवर बसायचे. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका आणि पुढे मुले. अलीकडे मागच्या बाजूस प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत, त्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी. पेटी, तबला आणि झांज यांवर गायन सुरू होते. गायनाचे पुस्तक 'उपासना संगीत'. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुष्कळ पदे आहेत. टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, नगरला येऊन राहिले आणि मराठी ख्रिस्ती माणसाला गाण्यासाठी त्याची स्वतःची भाषा दिली. त्यांच्या आधी पदे नव्हती असे नाही, पण टिळकांनी अभंगाची वाट मोकळी केली. परक्या चालीवर अडखळणारी मंडळी आपल्या चालीवर डोलू लागली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची 'स्मृतिचित्रे' तर आपण सर्वांनी वाचलीच असतील. नसतील, तर शाळेच्या कपाटातून आजच काढा.

गायनानंतर पापांची कबुली होते. सगळे मान खाली घालून एकत्र म्हणतात की आमचे चुकले. मग बायबलचे वाचन, पाळकांचा उपदेश, दानार्पण आणि शेवटी आशीर्वाद. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असते. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जे भोजन केले, त्याची ही आठवण. एकाच भाकरीचे तुकडे सर्वांनी घ्यायचे, यातच सारे आले. ज्या लोकांच्या हातचे पाणी कोणी पीत नव्हते, त्यांना एका पंगतीची ही भाकरी काय वाटली असेल, याचा विचार करा.

आम्ही देवळात जमणाऱ्या लोकांना 'मंडळी' म्हणतो. मी मराठीचा अध्यापक, म्हणून या शब्दावर माझा जीव आहे. आपण घरी पाहुणे आले की म्हणतो, "मंडळी आली." जेवायला बसलेलीही मंडळी आणि बायकोलाही जुने लोक 'आमची मंडळी' म्हणतात. ग्रीक भाषेतल्या एका भारदस्त शब्दाला कोणीतरी हा घरगुती शब्द योजला, आणि फार बरे केले. चर्च म्हणजे इमारत नव्हे, जमलेली माणसे, हे त्या शब्दातच आले.

पण श्रोतेहो, माणसे जमली की भांडणेही जमतात. आता मी आपल्याला घरचीच एक गोष्ट सांगतो.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांची आणि माझ्या चुलत्यांची शेती लागून. १९९१ च्या नांगरटीत बांधावरून तंटा झाला. वडील म्हणत, त्याने बांध कोरला. चुलते म्हणत, मास्तरांनीच दगड सरकवला. मग विहिरीच्या पाळीवरून बोलाचाली झाली आणि दोन घरांचे येणेजाणे बंद पडले. आई आणि चुलती नळावर भेटत, पण हंडा भरला की मुकाट्याने निघत. देवळात मात्र दोघेही भाऊ येत. एक खिडकीशी बसे, दुसरा दाराशी. कबुलीच्या प्रार्थनेत दोघांचाही आवाज मोठा. प्रभुभोजनाच्या वेळी मात्र वडील उठून बाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहत. भावाविषयी मनात अढी ठेवून वेदीपाशी जाऊ नये, आधी समेट करावा आणि मग अर्पण आणावे, अशी येशूची शिकवण आहे. वडिलांना ती पाठ होती. अढी सोडवेना आणि शिकवण मोडवेना, म्हणून ते बाहेर उभे राहत. तीन वर्षे असे चालले.

आमच्याकडे सुगी झाली की हंगामाचा सण करतात. नव्या पिकातले पहिले देवाला आणायचे. त्या दिवशी देवळात बाजार भरल्यासारखे वाटते. बाजरीची कणसे, वांगी, गूळ, अंडी, लोणच्याची बरणी, महिला मंडळाने शिवलेली गोधडी, पाय बांधलेली गावठी कोंबडी. उपासना संपली की याच वस्तूंचा अंगणात लिलाव होतो. पैसा मंडळीच्या कामाला आणि गोरगरिबांना जातो. लिलाव पुकारणारा गमत्या माणूस असावा लागतो. तो एकाच कोंबडीला तीन वेळा विकतो, कारण घेणारा ती पुन्हा देवालाच परत करतो. गावातले हिंदू-मुसलमान शेजारीही येतात आणि हौसेने बोली लावतात.

१९९४ च्या सणाला चुलत्यांनी एक मोठा लाल भोपळा आणला. वेल लावला होता नेमका त्या वादाच्या बांधावर. भोपळा पुढे आला तशी वडिलांची नजर बदलली. पाच रुपयांपासून बोली सुरू झाली. वडील दहा म्हणाले. चुलते आपलीच वस्तू परत घ्यायला वीस म्हणाले. लोक हसले. पन्नास झाले, शंभर झाले, दोनशे झाले. तेव्हा हसणे थांबले. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. आईने पदर तोंडाला लावलेला मला अजून दिसतो. बोली पाचशेवर गेली. पुकारणाराही गप्प झाला. वडिलांच्या पगाराचा तो मोठा तुकडा होता, आणि चुलत्यांजवळ तर तेवढे रोख पैसेच नव्हते.

तेव्हा एक म्हातारी उठली. विधवा बाई, दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करून जगणारी. दर वेळी भाकरी थापण्याआधी एक मूठ पीठ देवासाठी वेगळे काढायची. त्या दिवशी तिने दोन अंडी आणली होती. ती म्हणाली, "आरं पोरांनो, ह्यो भोपळा देवाला वाहिला का न्हाई? मग आता त्यो तुझाबी न्हाई आन त्याचाबी न्हाई. भांडताय कशापायी?"

कोणी बोलेना. थोड्या वेळाने वडील म्हणाले, "मी बोली सोडली." चुलते म्हणाले, "मीबी." म्हातारीने कनवटीचे सुटे पैसे काढले आणि म्हणाली, "मग सव्वा रुपयाला माझा." पुकारणाऱ्याने एकवार, दोनवार, तीनवार केले. सगळे अंगण हसले.

संध्याकाळी तिने मला हाक मारली. भोपळा मधोमध चिरून ठेवला होता. एक फोड आमच्या घरी आणि एक चुलत्यांच्या घरी नेऊन द्यायला सांगितले. चुलत्यांच्या उंबरठ्यावर मी तीन वर्षांनी पाय ठेवला. चुलतीने फोड घेतली, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि काही न बोलता माझ्या तोंडावरून हात फिरवला.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी वडील नेहमीप्रमाणे उठून लिंबाखाली गेले. थोड्या वेळाने चुलते उठले आणि तेही बाहेर गेले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मी आयुष्यभर वडिलांना विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. पाळकांनी भाकरी हातात धरून वाट पाहिली. सगळी मंडळी वाट पाहत होती. मग दोघे आत आले आणि जागा दिसेल तेथे, शेजारी शेजारी बसले.

वर्षभराने सरकारी मोजणी झाली. चूक वडिलांची निघाली. दगड हातभर चुलत्यांच्या हद्दीत होता. वडिलांनी पहार घेतली आणि तो स्वतः उपटून जागेवर रोवला. २०११ साली वडील वारले, तेव्हा खांदा द्यायला चुलते पुढे होते.

ही गोष्ट सांगितली म्हणून आमची मंडळी म्हणजे स्वर्ग, असे समजू नका. लग्न जमवताना जुन्या जाती अजून हळूच विचारल्या जातात. काही भांडणे भोपळ्याने मिटली नाहीत, ती कोर्टात आहेत. तरुण मुले नोकरीसाठी पुण्याकडे गेली. पेटी वाजवणारा एकच उरला आहे, आणि नाताळात तबल्याला शेजारच्या वारकरी भजनी मंडळातला गडी येतो. तो आनंदाने येतो आणि आमची पोरे त्यांच्या सप्ताहात वाढप करतात. हेही मंडळीचेच काम, असे मला वाटते.

पण एक गोष्ट मी त्या सतरंजीवर शिकलो. दर आठवड्याला एकत्र बसून "आमचे चुकले" म्हणण्याची सवय फुकट जात नाही. पुष्कळदा ती नुसती तोंडाची राहते. तीन-तीन वर्षे राहते. पण म्हणणारा त्याच जागेवर परत परत येत राहिला, तर एखाद्या दिवशी ते शब्द तोंडातून खाली उतरतात. ही सवय वारीत लागो, मशिदीत लागो की चर्चमध्ये. माणसाला जेथे मान खाली घालता येते, अशी एक जागा गावात हवी.

शिक्षकबंधु-भगिनींनो, शेवटी आपणास एक विनंती. नाताळ जवळ आला की शाळेत कापसाची दाढी लावलेला म्हातारा आणतात. आणा, मुलांना मौज वाटते. पण त्याबरोबर एखाद्या दिवशी मुलांना गावच्या चर्चमध्ये घेऊन जा. पाळकांना आधी विचारा, ते नाही म्हणणार नाहीत. म्हाताऱ्या बायकांना टिळकांची पदे जुन्या चालींवर म्हणायला सांगा. त्या चाली पुस्तकात छापलेल्या नसतात, गळ्यातच असतात, आणि गळे आता थोडे उरले आहेत. मुलांना कळेल की हे मराठीच आहे, आपलेच आहे.

आणि शेतकरी बंधूंनो, आपल्या बांधावर एखादा भोपळ्याचा वेल चढला असेल, तर त्याची फळे कोणाची हे ठरवण्यापूर्वी एक फोड शेजारी पाठवून पाहा. मोजणी नंतरही करता येते.

नमस्कार.