फोटोतील चेहरे आणि त्यांची नावे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थी-साहाय्यनिधी अशा थोर विषयांवर व्याख्याने झाली. त्यांच्या मानाने आमचा आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. घरोघरी साठलेले फोटो संगणकाच्या साहाय्याने, त्यांतील माणसांच्या नावांप्रमाणे कसे लावावेत, एवढाच तो विषय. परंतु या कामाला मुदत आहे, आणि ती मुदत आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींच्या आयुष्याइतकीच आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रथम आपल्या घरांची स्थिती पाहू. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ज्यांची लग्ने झाली, त्यांच्या कपाटात काळ्या जाड कागदाचा आल्बम असतो. त्या काळी ऐपत असलेल्या घरी आग्फा क्लिक-३ सारखा साधा कॅमेरा असे. त्याच्या एका फिल्मवर बारा फोटो निघत, आणि प्रत्येकाची निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस. फोटो मोजके, म्हणून त्यांतील माणसे सर्व कुटुंबाला तोंडपाठ असत. आज प्रकार उलट झाला आहे. एकेका मोबाईलमध्ये सहस्रावधी फोटो आहेत. हौशी मुलानातवंडांनी जुने आल्बमही स्कॅन करून त्यांत टाकले आहेत. परंतु त्या फायलींची नावे म्हणजे चार इंग्रजी अक्षरे व पुढे एक लांबलचक आकडा. ‘आत्याबाईंचा मुंजीतला फोटो काढ बरे’ असे कोणी म्हटले, तर नातवाने तो शोधावा कसा? आणि मुळात आत्याबाई कोणत्या, हे त्याला ठाऊक असेल तर!

या कामी साहाय्य करणारी सॉफ्टवेअर आता सर्वांच्या आटोक्यात आली आहेत. चेहरा ओळखण्याचे काम यंत्राकडून करून घेण्याचा खटाटोप मात्र जुनाच आहे. अमेरिकेत पालो आल्टो येथे वुडी ब्लेडसो व त्यांचे सहकारी यांनी १९६४-६५ च्या सुमारास हा उद्योग आरंभिला. त्यांच्या रीतीत माणसाने फोटोवर बाहुल्यांचे मध्य, डोळ्यांचे कोपरे इत्यादी बिंदू हाताने दाखवून द्यावयाचे, आणि संगणकाने त्यांवरून वीस अंतरे काढून ती ताडून पाहावयाची. तासाला सुमारे चाळीस फोटो उरकत. पुढे १९९१ साली मॅथ्यू टर्क व ॲलेक्स पेंटलंड यांनी संबंध चेहऱ्याचेच गणित मांडले. २००१ साली पॉल व्हायोला व मायकेल जोन्स यांनी फोटोत चेहरा कोठे आहे हे अतिशय वेगाने हुडकण्याची युक्ती काढली. २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी फेसनेट ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक चेहऱ्याचे १२८ आकडे करतात. दोन चेहऱ्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले की माणूस एकच, दूर गेले की निराळा. ५,७४९ व्यक्तींच्या १३,२३३ फोटोंचा एक संग्रह अशा परीक्षेसाठी २००७ साली सिद्ध झाला होता. त्यावर या पद्धतीने ९९.६३ टक्के अचूकता मिळविली.

घरगुती वापरात ही सोय २००९ साली पिकासा व ॲपलचे आयफोटो यांतून आली. २०११ साली डिजिकॅम या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये ती आली, आणि २०१५ साली गूगल फोटोज निघाले. सर्वांची रीत ढोबळ मानाने एकच. यंत्र प्रथम फोटोतील चेहरे शोधून त्यांभोवती चौकट आखते. मग सारख्या चेहऱ्यांचा एकेक गट करते. प्रत्येक गटापुढे एक रिकामी जागा ठेवून ते आपणांस विचारते, ‘हे कोण?’ आपण नाव सांगितले की नवे फोटो आल्यावर ते स्वतःच सुचविते, ‘हे तेच ना?’ आपण होय म्हणावे किंवा नाही म्हणावे.

ती रिकामी जागा हाच आमच्या आजच्या भाषणाचा विषय आहे. या चाळीस चेहऱ्यांमागे माणूस एक आहे, इतके यंत्र सांगू शकते. तो माणूस कोण, कोणाचा कोण, कोणत्या गावचा, हे त्याला कोणीतरी सांगावेच लागते. उद्या याहून शंभरपट हुशार यंत्र निघाले, तरी ज्याचे नाव कोणी कोठे लिहिलेच नाही, ते नाव ते आणणार कोठून? म्हणून ‘पुढे सावकाश पाहू’ असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे असे की, यंत्र थांबेल, परंतु नाव सांगणारी माणसे थांबणार नाहीत. ऐंशी-नव्वदीच्या घरातील काकू, मावशी, आजोबा यांच्याजवळच ती नावे आहेत.

आता काही अडचणी सांगतो. पहिली अडचण यंत्राच्या चुकांची. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१९ साली १८९ पद्धतींची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळ पद्धती दोन निराळ्या माणसांना एक समजण्याची चूक पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत अधिक करतात, लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीतही अधिक करतात, असे आढळले. पूर्व युरोपातील लोकांच्या मानाने आफ्रिका व आशिया खंडांतील लोकांच्या बाबतीत ही चूक पुष्कळ जास्त होती. आपल्या आल्बमात स्त्रिया, मुले, वृद्ध आणि आशियाई हे सर्व एकत्र आहेत! त्यात भर म्हणजे कुटुंबातील चेहरे एकमेकांसारखे. सख्ख्या बहिणी एका गटात पडतात, आणि आजोबांचा तरुणपणचा फोटो नातवाच्या गटात जाऊन बसतो. यास्तव यंत्राची प्रत्येक सूचना डोळ्यांखालून घालावी. खात्री नसेल तेथे नाव देऊ नये, किंवा पुढे प्रश्नचिन्ह घालावे. नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीला निदान विचार करावयास लावील. चुकीचे नाव दिलेला फोटो तिला खुशाल फसवील.

दुसरी अडचण आपल्या नावांच्या चालीची. ही सॉफ्टवेअर ज्या देशांत जन्मली, तेथे स्त्रीचे फार तर आडनाव बदलते. आपल्याकडे ताटातील तांदळांत नवे नाव लिहिले की मुलीचे स्वतःचे नाव, बापाचे नाव व आडनाव ही तिन्ही एका दिवसात बदलत. माहेरच्या आल्बमात परकर-पोलक्यात उभी असलेली कमल आणि सासरच्या आल्बमात डोक्यावरून पदर घेतलेली सुमती ही एकच बाई आहे, हे यंत्राला उमगेलच असे नाही. आणि उमगले तरी एका गटाला नाव एकच देता येते. बंधुभगिनींनो, हा प्रश्न केवळ संगणकाचा नव्हे. जुने समूहफोटो पाहावे. खुर्चीवरील पुरुषांची नावे, आडनावे, पदव्या खाली छापलेल्या असतात. मागे उभ्या असलेल्या बायकांची नावे एक तर नसतात, किंवा ‘सौ.’ लिहून पुढे नवऱ्याचे नाव असते. ज्यांनी या घरांना वर आणले, त्या बायकांचे जन्मनाव त्यांच्या पणतवंडांना ठाऊक नाही. आज ती रिकामी जागा भरताना आपण जर पुन्हा ‘नानांची बायको’ असेच लिहिले, तर यंत्र ते लेबल निमूटपणे शंभर फोटोंना चिकटवील, आणि जुनाच अन्याय अधिक झपाट्याने होईल.

म्हणून नाव लिहिण्याची एक रीत आम्ही सुचवितो. स्त्रियांच्या बाबतीत जन्मनाव व माहेरचे आडनाव आधी लिहावे, मग लग्नानंतरचे पूर्ण नाव. जन्मनाव आधी अशासाठी की बाळपणापासूनचे सर्व फोटो त्याखाली सामावतात. ‘तात्या’, ‘अण्णा’, ‘माई’ ही हाकेची नावे शेवटी जरूर द्यावीत, पण केवळ तीच देऊ नयेत. एकेका घरात तीन-तीन अण्णा निघतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडे चाल असल्याने नावापुढे जन्मसाल घालावे. आणि श्री., सौ., कु., चि., गं. भा., कै. ही उपपदे नावाच्या आधी मुळीच लिहू नयेत. यंत्र नावे वर्णानुक्रमाने लावते. ‘कै.’ लिहून आरंभ केलात, तर घरातील सर्व दिवंगत मंडळी एका ‘क’ अक्षराखाली गोळा होतील! शिवाय आजची कुमारी उद्या सौभाग्यवती होते; नाव मात्र कायमचे असावे.

तिसरी गोष्ट, दिलेली नावे राहतात कोठे? पुष्कळ जणांस वाटते की नाव एकदा दिले म्हणजे ते फोटोलाच चिकटले. तसे नेहमी नसते. पिकासात आरंभी ही नावे फोटोच्या फायलीत न जाता त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदींत राहत; फायलीत लिहिण्याची सोय मागाहून आली. पुढे २०१६ साली गूगलने पिकासाच बंद केले. ज्यांनी नावे फायलीत उतरवून घेतली नव्हती, त्यांचे श्रम त्या जुन्या संगणकाबरोबर अडगळीत गेले. गूगल फोटोजमध्ये दिलेली नावेही त्या खात्यापुरती असतात. तेथून फोटो उतरवून घेतला तर त्या फायलीच्या पोटात ते नाव येत नाही. डिजिकॅमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र नाव व चेहऱ्याची चौकट फायलीतच लिहून ठेवण्याची सोय आहे. ही सोय चालू आहे की नाही, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यावे. अशी फायल कोठेही नेली तरी नाव तिच्याबरोबर जाते, आणि ते देवनागरीतही लिहिता येते. एक सावधगिरी: व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठविलेली फायल लहान होते आणि तिच्या पोटातील अशी माहिती पुसली जाते. मूळ फायल दस्तऐवज म्हणून पाठवावी, किंवा पेनड्राइव्हवर द्यावी.

चौथी गोष्ट मर्यादेची. चेहरा, नाव, गाव आणि ज्ञाती ही चार एका जागी आणली की ती मोठी जोखमीची वस्तू होते. फेसबुकने २०२१ साली आपली चेहरे ओळखण्याची व्यवस्था बंद करून एक अब्जाहून अधिक लोकांच्या चेहऱ्यांची टिपणे पुसून टाकण्याचे जाहीर केले. आपल्या देशातही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. आपल्या घरापुरता आपण आल्बम लावला तर त्याला तो कायदा आडवा येत नाही. परंतु मंडळ हे घर नव्हे. म्हणून मंडळाने फोटो मागितले तर ते देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. हयात व्यक्तीने ‘माझा फोटो नको’ म्हटले तर कारण न विचारता तो काढावा. लहान मुलांचे फोटो आईबापांच्या संमतीवाचून घेऊ नयेत. आणि हा संग्रह वधूवरसूचक कामासाठी केव्हाही वापरला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. डिजिकॅममध्ये चेहरे शोधण्याचे काम घरच्याच संगणकावर होते, फोटो बाहेर धाडावे लागत नाहीत, हा त्याचा या दृष्टीने गुण आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक घरातील एक तरुण मुलगा वा मुलगी आणि एक वडीलधारी व्यक्ती यांनी रविवारी दुपारी एकत्र बसावे. जुना फोटो पुढून तर स्कॅन करावाच, पण पाठीमागूनही करावा. पाठीवर स्टुडिओचा शिक्का, तारीख, क्वचित कोणाचे हस्ताक्षर सापडते. लहान फोटो इंचाला सहाशे ठिपक्यांच्या मापाने स्कॅन करावेत, म्हणजे मागच्या रांगेतील चेहरेही यंत्राला दिसतील. फायलीच्या नावात साल, गाव व प्रसंग असा क्रम ठेवावा. मग यंत्राने केलेले गट एकेक करून आजीपुढे धरावेत आणि विचारावे. एका बैठकीत वीस-पंचवीस चेहरे झाले तरी पुष्कळ झाले. आजी एका नावाबरोबर दहा गोष्टी सांगू लागेल. तिला घाई करू नये. मोबाईलवर तिचे बोलणे टिपून ठेवावे. काम झाल्यावर त्याच्या दोन प्रती कराव्यात, आणि त्या दोन निराळ्या घरी ठेवाव्यात.

मंडळाच्या कपाटातील जुन्या संमेलनांच्या फोटोंपासून आरंभ करावा, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे. पुढील संमेलनात ते फोटो मोठ्या आकारात भिंतीवर लावावेत, नावे नसलेल्या चेहऱ्यांना क्रमांक द्यावेत, आणि शेजारी एक वही ठेवावी. ज्याला जो चेहरा ओळखेल, त्याने त्या क्रमांकापुढे नाव, नाते व आपले स्वतःचे नाव लिहावे. मागच्या रांगेतील बायकांचे क्रमांक वहीत सर्वांत आधी घ्यावेत. त्यांना ओळखणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत, आणि त्यांपैकी काहीजणी आज या सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर बसल्या आहेत. तरुण मंडळींनी भोजनाच्या पंगतीपूर्वी त्यांच्याशी दोन शब्द बोलून, त्यांच्या घरी केव्हा यावे हे विचारून ठेवावे, इतके सुचवून आम्ही आपली रजा घेतो.