जहाज सुटलं, लातूर धक्क्यावर राहिला

(या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.)

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, “मित्रांसोबत कॅरिबियन क्रूझला गेलेलास ना, त्यावर एक भाग कर की. खर्च किती, काय बघितलं, सगळं सांग.” मी टाळत होतो. कारण त्या ट्रिपचे फोटो भारी आहेत, पण गोष्ट तेवढी भारी नाही. आज सांगतो. खर्चही सांगतो, आणि माझ्यामुळे एक मित्र कसा मागे राहिला तेही सांगतो.

आधी पात्रपरिचय. आमच्या हॉस्टेलमध्ये नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, गावानं मारायची. त्यामुळे आम्ही चौघे आजही अकोला, सातारा, लातूर आणि चाळीसगाव. अकोला म्हणजे मी. बीटेक झालं आणि चौघे चार दिशांना गेलो. मी कंपनीमार्फत अमेरिकेत आलो, एच-वन-बीवर. लातूर पण एच-वन-बीवर, टेक्सासात. सातारानं इकडेच एमएस केलं, तो स्टुडंट व्हिसावर. आणि चाळीसगाव पुण्यात नोकरी करतो. त्याच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा.

हे चार व्हिसे लक्षात ठेवा. गोष्ट तिथंच आहे.

ठरलं असं की चाळीसगाव पुण्याहून येणार, आम्ही तिघं इथून, आणि मायामीहून सात रात्रींची क्रूझ. वेस्टर्न कॅरिबियन म्हणतात तो रूट: जमैकात फॅलमथ, मग ग्रँड केमन, मग मेक्सिकोचं कोझुमेल बेट, आणि परत मायामी. महिना फेब्रुवारी. तिकडे जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन असतो. तेव्हा तिकिटं स्वस्त मिळतात, पण रूट ऐन वेळी बदलू शकतो. चाळीसगाव एवढ्या लांबून येणार, म्हणून रिस्क नको म्हटलं.

खर्चाचं एकदाच सांगून टाकतो. खिडकी नसलेली आतली केबिन, दोघांत एक. पोर्टचे टॅक्स धरून माणशी साधारण सातशे डॉलर. जेवण त्यातच. टिप मात्र वेगळी लागते, ती रोज माणशी आपोआप खात्यावर चढते. आम्हाला दिवसाला अठरा डॉलर लागली, म्हणजे सात दिवसांचे १२६. वायफाय वेगळं, कोल्ड्रिंक वेगळं, बेटांवरची प्रत्येक सहल वेगळी. मायामीपर्यंतचं विमान धरून मला सगळं मिळून चौदाशेच्या आसपास पडलं. चाळीसगावला भारतातून यायचं तिकीट त्याच्यावर. तो दोन वर्षं त्यासाठी पैसे बाजूला टाकत होता.

आणि एक गोष्ट, केबिनचा दर दोन माणसं धरून असतो. एकटे राहिलात तरी बहुतेक वेळा दोघांचे पैसे जातात. हे पुढे कामाला येईल.

आता प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो जो म्हणतो, “थांबा रे, मी बघतो सगळं.” आमच्यात तो मी. एक्सेल शीट माझी, बुकिंग माझं, विमानांच्या वेळा माझ्या. ऑक्टोबरमध्ये लातूरनं ग्रुपवर मेसेज टाकला: “माझा स्टॅम्प संपलाय बरं का. चालेल ना?” मी पाच मिनिटांत उत्तर दिलं: “चालतंय बे. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन असतं. तीस दिवसांच्या आत परत आलं की काही लागत नाही.” वर एक अंगठा.

हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो, कारण भारतात बसून ऐकणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प हा फक्त दारातून आत यायला लागतो. आत आल्यावर किती दिवस राहायचं हे वेगळा कागद ठरवतो, आय-नाइन्टीफोर. त्यामुळे स्टॅम्प संपलेला असला तरी माणूस इथं कायदेशीर राहतो, नोकरी करतो, टॅक्स भरतो. फक्त एकदा बाहेर पडला की परत यायला नवा स्टॅम्प लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्या देशात, म्हणजे बहुतेकांना भारतात, कॉन्सुलेटला जावं लागतं. अपॉइंटमेंट वेळेत मिळाली नाही तर नोकरी इकडे आणि आपण तिकडे. या भीतीनं लातूर चार वर्षं घरी गेला नव्हता. ही क्रूझ ही त्याची चार वर्षांतली पहिली खरी सुट्टी होती.

मी म्हणत होतो ती सवलत खोटी नाही. ती आहे. शेजारच्या देशात छोटी ट्रिप करून संपलेल्या स्टॅम्पवर परत येता येतं. अटी आहेत, पण येता येतं. आता बारीक अक्षरातलं ऐका. कॅनडा आणि मेक्सिको बऱ्याच व्हिसावाल्यांना चालतात. पण आजूबाजूची बेटं, म्हणजे जमैका, केमन, बहामा वगैरे, ही सवलत फक्त विद्यार्थी आणि एक्सचेंजवाल्यांना आहे. एच-वन-बीला नाही. मी वाचला होता तो एका विद्यार्थ्याचा अनुभव. तो त्याच्यासाठी शंभर टक्के बरोबर होता. मी तो लातूरला चिकटवला. दुसऱ्याचा कोड कॉपी केला आणि कुठल्या व्हर्जनवर चालतो ते बघितलंच नाही.

मायामीचं बंदर म्हणजे आपल्या एसटी स्टँडच्या शंभरपट गर्दी, पण कुणी ओरडत नाही. एकाला एक लागून जहाजं उभी, प्रत्येक जहाज एखाद्या मोठ्या सोसायटीएवढं. आम्ही दीड वाजता पोहोचलो. तीनला चेक-इन बंद, साडेचारला जहाज सुटणार. चाळीसगावचा पासपोर्ट बघितला, ओके. सातारा ओके. मी ओके. लातूरचा पासपोर्ट त्या बाईंनी दोनदा उलटला आणि वरिष्ठांना बोलावलं.

लातूरनं फाईलमधून सगळं काढलं. कंपनीचं पत्र, अप्रूव्हल नोटीस, प्रिंट मारलेलं आय-नाइन्टीफोर. ते गृहस्थ अतिशय सौम्यपणे म्हणाले, “हे सगळं इथं राहण्याचं आहे. परत येण्याचं कुठाय?”

मी मध्ये पडलो. फोनवर तो नियम काढून दाखवला. त्यांनी माझाच फोन हातात घेऊन खालची ओळ वाचली आणि परत दिला. काही बोलले नाहीत. ती ओळ मी तेव्हा पहिल्यांदा वाचली.

खरं सांगायचं तर त्यांनी त्याला वाचवलं. त्यांनी सोडलं असतं तर आठ दिवसांनी मायामीत उतरताना लातूर इमिग्रेशनसमोर उभा असता, बिनस्टॅम्पचा. पण त्या क्षणी हे कुणाला सुचतं?

आम्ही चौघं बॅगा घेऊन बाजूला. मी म्हटलं, “मी पण नाही जात.” सातारा म्हणाला, कुणीच नको जायला. चाळीसगाव गप्प होता, खाली बघत होता. त्यानं एकवीस तास प्रवास केला होता. तो काय बोलणार? शेवटी लातूरच म्हणाला, “हा एवढ्या लांबनं आलाय. जावा तुम्ही. मी हॉटेल बघतो.” आणि बॅग ओढत निघाला. वळून बघितलं नाही. दारापाशी एका चाकाचा आवाज येत होता, ते चाक तुटलेलं होतं.

आम्ही गेलो. बरोबर केलं का? मला आजही नक्की सांगता येत नाही.

जहाजावर पहिलं काम म्हणजे सेफ्टी ड्रिल. धोका झाला तर कुठे जमायचं ते प्रत्येकानं बघायचं. मग दुपारी भोंगा वाजतो, मायामीच्या बिल्डिंगा हळूहळू मागे जातात, सगळे डेकवर नाचतात. मी पण व्हिडिओ काढला. तो अजून कुठे टाकलेला नाही.

रात्री जेवायला आमचं टेबल ठरलेलं, चौघांचं. वेटर गोव्याचे, मडगावकडचे. आमचं मराठी ऐकून खूश झाले. चौथ्या ताटाकडे बघून विचारलं, “चवथो खंय?” सातारानं सांगितलं. ते म्हणाले, “कागद.” एवढंच. आणि ताट उचललं नाही. सात रात्री ते चौथं ताट तिथंच होतं. मला वाटतं त्यांना तो उद्या येईल असं वाटत नव्हतं, त्यांची फक्त मांडायची सवय होती. पण मला रोज जेवताना ते दिसायचं.

गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. सात महिन्यांचा करार, आठवड्याचे सातही दिवस काम. नंतर मी वाचलं. सागरी कामगारांचा २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात मोजायची एक पद्धत अशी की आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. आठवड्याचे तास १६८. उरलेले ९१ तुम्हीच मोजा. आणि आपण स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी आठला लॅपटॉप बंद झाला की स्टेटस टाकतो. त्यांच्या पासपोर्टवर क्रूचा वेगळा अमेरिकन व्हिसा असतो. तो संपला तर मायामीत जहाज लागूनही खाली उतरता येत नाही, म्हणाले. “बंदर दिसतं. पोरीला फोन लावायचा, तो पण जहाजावरनंच.”

बेटांबद्दल सांगतो. फॅलमथला एका टपरीवजा हॉटेलात करी गोट आणि रोटी खाल्ली. फळ्यावर ‘रोटी’ असंच लिहिलेलं. १८४५ च्या मे महिन्यात भारतीय मजुरांचं पहिलं जहाज जमैकात लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून करार करून नेलेली माणसं. त्यांच्याही हातात एक कागदच होता. त्या कागदावर आत येता येत होतं, परत जाणं मात्र अनेकांना जमलं नाही. ती रोटी खाताना हे माहीत असतं तर घास जरा हळू खाल्ला असता.

ग्रँड केमनला मोठ्या जहाजांना धक्काच नाही. जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्यात तास-दीड तास जातो, तेव्हा सहल बुक करताना हा वेळ धरा. कोझुमेलला पालांकार रीफवर स्नॉर्केलिंग केलं. पाणी इतकं स्वच्छ की खालची आपली सावली दिसते. आणि पाण्यातून डोकं वर काढल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण मेक्सिकोत आहोत. सगळ्या रूटमध्ये या एका बेटापुरता माझा नियम लातूरला लागू झाला असता.

परत आल्यावर मी लातूरचे पैसे त्याला पाठवले. पोर्टचे टॅक्स तेवढे कंपनीकडून परत आले होते, बाकी मी घातले. त्यानं परत पाठवले. मी पुन्हा पाठवले. त्यानं पुन्हा परत. मग तीन आठवडे ग्रुपवर तो गप्प. सातारा मीम टाकायचा, चाळीसगाव फोटो टाकायचं टाळायचा.

शेवटी एका रविवारी मी फोन लावला. सॉरी म्हटलं, नियम समजावून सांगायला लागलो. तो म्हणाला, “थांब. चूक झाली याचा राग नाही. माझा कागद होता, मी पण बघायला पाहिजे होता. पण तू बघितलं नव्हतंस, आणि बघितल्यासारखं सांगितलंस. त्याचा राग आहे.”

मंडळी, ऑफिसात कोड रिव्ह्यू करताना मी लोकांना हेच सुनावतो. न वाचता अप्रूव्ह करू नका. आणि जिथं मित्राची नोकरी, व्हिसा, घरी जाणं पणाला लागलं होतं तिथं मी पाच मिनिटांत अंगठा दाखवला होता.

त्यानं पैसे घेतले, पण एका अटीवर. “यातनं मला कॅरिबियन दाखव.” शोधलं. या वेळी खरंच शोधलं, आणि वकिलाला पण विचारलं. पोर्टो रिको कॅरिबियनमध्येच आहे आणि अमेरिकेच्या ताब्यात आहे. इथून थेट विमानानं गेलं तर ते देशातलंच विमान, मध्ये परदेश नाही. त्यामुळे नव्या स्टॅम्पचा प्रश्नच येत नाही. सगळे कागद मात्र सोबत ठेवायचे. पुढच्या फेब्रुवारीत आम्ही तिघं सान हुआनला गेलो. तिथला एल मोरो किल्ला समुद्रात घुसलेल्या खडकावर आहे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात बांधायला घेतला. तटावर उभं राहून खाली फेसाळतं पाणी बघताना लातूर म्हणाला, “सिंधुदुर्गवर असंच वारं असतं बघ.” मग बराच वेळ काही बोलला नाही. परत येताना विमानतळावर बॅगा तपासल्या. स्टॅम्पसाठी नाही, फळं आणि रोपटी नेताय का म्हणून. लातूर एवढा हसला की मागची लाईन बघायला लागली.

चाळीसगावला पुन्हा येणं परवडलं नाही. त्याला किल्ल्यावरून व्हिडिओ कॉल केला. चौघं एकत्र बसायचे अजून बाकीच आहेत.

आता तुमच्यासाठी. भारतातून जात असाल तर अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, कारण जहाज तुम्हाला बाहेर नेऊन परत आत आणतं. प्रत्येक बेटाचा नियम वेगळा असतो, तो त्या देशाच्या सरकारी साइटवर वाचा. ‘पासपोर्ट नसला तरी चालतो’ असं क्रूझबद्दल कुठे वाचलंत तर ते अमेरिकन नागरिकांसाठी असतं. नियम बदलतात, त्यामुळे मी सांगतोय यावर पण विसंबू नका. मी तर मुळीच विसंबण्यासारखा माणूस नाही, हे आता तुम्हाला कळलंय.

आणि ग्रुपमध्ये ‘मी बघतो सगळं’ म्हणणारे तुम्ही असाल, तर एक्सेल शीटमध्ये एक कॉलम वाढवा. प्रत्येकाचा कागद. एकच कॉलेज, एकच मेस, एकच जोक असले म्हणून पासपोर्टमधली पानं सारखी नसतात.

लातूरला मुंबईच्या कॉन्सुलेटची तारीख मिळालीय. पाच वर्षांनी घरी चाललाय. माहिती त्यानं स्वतः काढली, मला विचारलं नाही. फक्त तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “अकोला, अंगठा दाखवू नको.”

नाही दाखवला. भेटू पुढच्या भागात.