होडीवरचा दिवा का विझतो?



आजच्या भाषणाचा विषय पाहून घाटावर राहणाऱ्या मंडळींना वाटेल की, हा विषय आपला नव्हे, तो दर्यावर जाणाऱ्यांचा आहे. परंतु ज्यांच्या घरी स्कूटर आहे, ट्रॅक्टर आहे, किंवा वीज गेल्यावर दिवा लावणारी बॅटरी आहे, त्यांनाही यातले पुष्कळसे उपयोगी पडेल. विजेचे नियम जमिनीवर आणि पाण्यावर एकच असतात. पाण्यावर चुकीला क्षमा तेवढी कमी असते.

शापोऱ्याच्या खाडीतून, मालिमच्या धक्क्यावरून, कुटबण-बेतूलच्या मुखातून रोज कितीतरी लहान होड्या समुद्रात जातात. एके काळी त्यांचा भरवसा वल्ह्यांवर आणि शिडावर होता, आज तो मागे टांगलेल्या मोटारीवर आणि एका बारा व्होल्टच्या बॅटरीवर आहे. रस्त्यात मोटार बंद पडली तर आपण उतरून ती बाजूला ढकलतो. नदीच्या मुखाशी, जेथे ओहोटीचे पाणी आणि समुद्राची लाट एकमेकांवर आदळतात, तेथे दहा मिनिटे मोटार बंद पडली तर होडी खडपावर जाऊ शकते. म्हणून जसा दोरीची गाठ मारता येणे हा नावाड्याच्या विद्येचा भाग आहे, तसाच विजेचा बिघाड ओळखता येणे हाही आता तिचाच भाग झाला आहे.

प्रथम हे पाहू की, समुद्र विजेचा एवढा वैरी का? शुद्ध पाणी विजेला फारशी वाट देत नाही, पण समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि असे पाणी वीज उत्तम वाहून नेते. जेथे ती जाऊ नये तेथे हे पाणी तिला नेते, आणि जेथून ती जावी तो धातू खाऊन वाट बंद करते. आपल्या घरातले उदाहरण घ्या. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक ठेवले, तर ताक कळकते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. आंबटाने धातू खाल्ला जातो आणि हिरवा कळंक चढतो. होडीवरच्या तांब्याच्या तारेचेही खाऱ्या दमटपणामुळे असेच होते. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी तारेतील बारीक धाग्यांची जुडी वेष्टनाच्या आतून ओल ओढते. बाहेरून वायर नवी दिसते, पण टोकाशी सोलून पाहिली तर आत तांबे काळे पडलेले असते. म्हणूनच समुद्रावर वापरण्याची चांगली तार कल्हई केलेली, म्हणजे कथिलाचा लेप दिलेली असते. ती थोडी महाग पडते, पण वर्षानुवर्षे टिकते.

दुसरी अडचण बारा व्होल्टची. घरच्या २३० व्होल्टच्या विजेतून एखाद्या सैल जोडात दोन व्होल्ट वाया गेले तर कोणाला कळतही नाही. बाराांतून दोन गेले म्हणजे सहावा हिस्सा गेला. जर्मन शास्त्रज्ञ ओम याने १८२७ साली सांगितलेला नियम येथे लावून पाहा. मोटार फिरवणारा स्टार्टर समजा १०० ॲम्पिअर प्रवाह ओढतो, आणि बॅटरीच्या एका टोकाशी साचलेल्या कळंकाचा रोध अवघा ०.०२ ओम आहे. या दोहोंचा गुणाकार दोन व्होल्ट होतो. एवढा दाब त्या एका जोडातच खर्ची पडतो आणि तेथे २०० वॅट उष्णता निर्माण होते. स्टार्टर नुसताच ‘टक्’ असा आवाज करून थांबतो. नावाडी म्हणतो, बॅटरी गेली. तो नवी बॅटरी आणतो, बसवताना टोके घासली जातात, मोटार सुरू होते, आणि दोष बॅटरीचाच होता असा त्याचा समज कायमचा होऊन बसतो. खरे काम पॉलिश कागदाच्या एका तुकड्याचे होते.

म्हणून बिघाड शोधताना पहिला नियम हा की, वस्तू बदलण्यापूर्वी मोजावे. काही शे रुपयांना मिळणारा साधा मीटर प्रत्येक होडीवर, पाणी न शिरणाऱ्या डब्यात असावा. काही तास विसावलेल्या शिशाच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट किंवा किंचित अधिक असेल, तर ती भरलेली आहे. १२.२ च्या आसपास असेल तर सुमारे निम्मी उरली आहे, आणि १२ च्या खाली उतरली तर तिच्या भरवशावर समुद्रात जाऊ नये. स्टार्टर दाबताना दाब साडेनऊ-दहाच्याही खाली कोसळत असेल, तर बॅटरी रिकामी तरी आहे किंवा जीर्ण तरी झाली आहे. ज्या मोटारीत बॅटरी भरण्याची सोय आहे, तिच्यात मोटार वेगात चालू असताना दाब साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसला पाहिजे. तो चढलाच नाही, तर भरण्याची यंत्रणा, तिची तार किंवा तिचा फ्यूज पाहावा. हाताने दोरी ओढून सुरू होणाऱ्या कित्येक लहान मोटारींत ही सोयच नसते. तेथे बॅटरी घरी नेऊनच भरावी लागते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. मीटरचा काटा ॲम्पिअरवर ठेवून तो बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नये.

दुसरी परीक्षा याहूनही मोलाची आहे, आणि ती फार थोडे लोक करतात. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरे त्याच खुंटावर आवळलेल्या तारेच्या लगवर ठेवावे, आणि सोबत्याला स्टार्टर दाबायला सांगावे. जोड निर्दोष असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवील. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाखवला, तर चोर तेथेच सापडला असे समजावे. अशा रीतीने एकेक जोड तपासत गेले की बिघाडाला लपायला जागा उरत नाही.

आता दिव्यांकडे वळू. मोटारगाडीत काम शिकलेला मेस्त्री होडीवर आला की एका ठिकाणी हटकून फसतो. गाडीचा सांगाडा लोखंडी असल्यामुळे वीज दिव्यापर्यंत तारेने जाते आणि परत सांगाड्यातून येते. लाकडी किंवा फायबरच्या होडीला असा सांगाडा नाही. तेथे प्रत्येक दिव्याला जाण्याची एक आणि परतीची एक अशा दोन तारा लागतात, आणि दोष पुष्कळदा परतीच्या तारेत असतो. तो ओळखण्याची रीत अशी: दिवा जोडलेला ठेवून, कळ चालू करून होल्डरच्या दोन टोकांमध्ये मोजावे. तेथे बारा व्होल्ट आहेत आणि दिवा मात्र लागत नाही, तर दिवाच गेला. तेथे काही नाही, पण होल्डरचे धन टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजल्यावर बारा दिसतात, तर परतीची तार तुटली आहे. दोन्हीकडे शून्य, तर फ्यूज, कळ आणि जाणारी तार पाहावी.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर तो आपले कर्तव्य करीत आहे, त्याच्यावर रागावू नये. तो तारेच्या रक्षणासाठी असतो. त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला हाकलून देऊन दार उघडे टाकण्यासारखे आहे. फायबरच्या होडीत, पेट्रोलच्या टाकीशेजारी तापून लाल झालेली तार काय करील, हे सांगावयास नको. हा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितक्या जवळ असावा, म्हणजे पुढची सारी तार त्याच्या राखणीत येते.

होडीवरचा दिवा ही शोभेची वस्तू नव्हे. १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा आणि त्यांच्या जोडीला पांढरा, हे दिवे पाहूनच समोरचा नावाडी आपण कोणीकडे चाललो आहोत ते ओळखतो. मुरगांव बंदराच्या वाटेवर रात्री मोठी जहाजे असतात, किनाऱ्यालगत ट्रॉलर असतात. अंधारातली विझलेली होडी त्यांच्या दृष्टीने तेथे नसतेच.

मोटार सुरूच होत नसेल तर काय करावे? हाताने सुरू होणाऱ्या लहान मोटारीत ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, चक्राला बसवलेली चुंबके फिरून वीज निर्माण करतात. तेव्हा बॅटरीला दोष न देता क्रमाने पाहावे. मनगटाला बांधायच्या दोरीची क्लिप आपल्या जागी आहे ना? ती निसटली की ठिणगी बंद होते. नावाडी पाण्यात पडला तर मोटार थांबावी, म्हणून ही योजना आहे, आणि म्हणूनच ती क्लिप खिळ्याने वा दोऱ्याने कायमची अडकवून ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. नंतर टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक उघडे आहे ना, तेल येते ना, हे पाहावे. मग प्लग काढावा. तो काळा, तेलकट, ओला असेल तर स्वच्छ पुसावा किंवा नवा घालावा. रॉकेलवर चालणाऱ्या मोटारीत हे अधिक घडते. म्हणूनच ती बंद करण्यापूर्वी थोडा वेळ पेट्रोलवर चालवण्याची चाल आहे.

ठिणगी पाहायची असेल तर आधी सांडलेले पेट्रोल पुसून वाफ उडून जाऊ द्यावी. ही वाफ हवेहून जड असते, ती होडीच्या तळाशी साचून राहते. प्लग त्याच्या तारेच्या टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग प्लगच्या भोकापासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवावा, सुक्या रबरी मुठीच्या पकडीने धरावा, आणि मगच दोरी ओढावी. टोपी मोकळी ठेवून दोरी ओढली तर झटका बसतो आणि कॉइलही बिघडू शकते. ठिणगी नाहीच, तर बंद करण्याच्या कळीची तार पाहावी. पुष्कळ मोटारींत ही कळ ठिणगीची वीज इंजिनच्या धातूत वळवून मोटार थांबवते. कळीत खारे पाणी शिरले, तर कोणी न दाबताही ती दाबल्यासारखी होते. ती तार तात्पुरती सोडवल्यावर ठिणगी परत आली, तर दोष सापडला. पण मग ती कळ आणि दोरी यांनी मोटार थांबणार नाही, चोक ओढून किंवा तेल तोडून थांबवावी लागेल, हे ध्यानात ठेवून फक्त किनारा गाठावा आणि दुरुस्ती करावी.

मोटारीच्या पाण्यातील भागावर जस्ताचा एक ओबडधोबड तुकडा असतो. त्यामागे मोठा इतिहास आहे. १८२४ साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचवला. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू जोडले की एक खाल्ला जातो आणि दुसरा वाचतो. तांबे खरोखरच वाचले, पण ते विरघळेनासे झाल्याने त्यावर शेवाळ आणि शिंपले माजले! आज तेच तत्त्व आपल्या मोटारीचे ॲल्युमिनियम राखते. जस्त झिजते म्हणून वाईट वाटून त्याला रंग फासू नये. झिजणे हेच त्याचे काम आहे. ते निम्मे झिजले की बदलावे. एकाएकी भराभर झिजू लागले, तर कोठेतरी वीज पाण्यात गळत नाही ना, ते शोधावे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. हा काळ तारांच्या शुश्रूषेचा मानावा. बॅटरी घरी आणून भरावी आणि महिन्याने पुन्हा भरावी. रिकामी राहिलेली बॅटरी आतून मरते. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा ती मोकळ्या हवेत, चूल, समई व मेणबत्तीपासून दूर ठेवावी. जोड गोड्या पाण्याने पुसून, वाळवून, आवळावे आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावावे. दिव्याकडे जाणाऱ्या तारेला जोडाच्या अलीकडे थोडा झोळ द्यावा, म्हणजे पाणी जोडात न शिरता झोळावरून गळून जाते. नवे एलईडी दिवे बसवल्यावर वायरलेसवर खरखर वाढली, तर दिवे एकेक करून बंद करून पाहावे. ज्याच्याबरोबर खरखर थांबेल तो दिवा बदलावा. संकटात मदतीची हाक चॅनेल १६ वर ऐकू गेली पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट, जी खरे तर पहिली आहे. समुद्रात मोटार बंद पडली तर आधी झाकण उघडू नये. आधी नांगर टाकावा, जीवरक्षक जाकिटे चढवावी, हातातली विजेरी लावावी, शेजारच्या होडीला किंवा तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावे. मग शांतपणे मीटर हाती घ्यावा. होडी वाहत असताना घाबऱ्या हातांनी शोधलेला दोष सापडत नाही, नांगरावर थांबलेल्या माणसाला तो पुष्कळदा पाच मिनिटांत सापडतो.

आमच्या शाळांतून मुले ओमचा नियम पाठ करतात, आणि त्यांतल्या कित्येकांचे वडील व काका पहाटे दर्यावर जातात. पुस्तकातला तो नियम आणि घरातली ती होडी यांची गाठ घालून देणे हे आपणा वडीलधाऱ्यांचे काम आहे. पुढच्या रविवारी होडी धक्क्याला असताना घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती मीटर द्या, आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकेक जोड मोजायला सांगा. त्या रात्री होडीवरचा दिवा घरच्यांना अधिक भरवशाचा वाटेल.