फोनच्या पलीकडे कोण?

(साहाय्यकांच्या मेळाव्यात, सातपुड्यातील आपल्या कामात असलेल्या परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



"दम्याच्या रुग्णांची घरबसल्या देखरेख" असा विषय मला दिला आहे. पण मी ज्या आजाराबद्दल बोलणार तो दमा नव्हे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. दम्यात श्वासनलिका आवळतात आणि औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत फुप्फुसाचे झालेले नुकसान भरून येत नाही. राहिलेला श्वास सांभाळायचा, एवढेच हातात असते.

शहरात या आजाराचे नाव काढले की सिगारेट आठवते. आमच्या यादीत अशा कितीतरी बाया आहेत ज्यांनी विडीला कधी हात लावला नाही. त्यांनी चाळीस-चाळीस वर्षे चुलीपुढे भाकरी भाजल्या. घराला खिडकी नाही, पावसाळ्यात लाकडे ओली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये एका सहकाऱ्यासोबत हेच मांडले होते, की धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि सरपणाचा धूर हे त्याचे फार मोठे कारण आहे. शिवाय ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला त्यांच्यातल्या काहींची फुप्फुसे बरी झाल्यावरही अधूच राहतात. म्हणून खोकला दोन आठवड्यांवर गेला की आम्ही आधी बेडका तपासायला पाठवतो, मग फुंकर मारायची तपासणी, आणि मगच सीओपीडीचे नाव घेतो.

आता देखरेख म्हणजे काय करतो ते सांगते. घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, पंप, पंपाला जोडायची नळी आणि चित्रांचा एक तक्ता असतो. सकाळी घरातले कोणीतरी मिस्ड कॉल देते. आमची बाई उलट फोन करते आणि त्यांच्याच पावरी बोलीत विचारते: काल आडवे होऊन झोपलात की बसून? बेडक्याचा रंग बदलला का? अंगणापर्यंत चालताना कितीदा थांबलात? पंप किती वेळा घेतला? आकडा ती शेवटी विचारते.

आकडा शेवटी, याला कारण आहे. ऑक्सिमीटर भोळा असतो. हात गार असेल, नखाला मेंदी असेल, तर तो चुकतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, आणि आमचे बहुतेक रुग्ण सावळेच. म्हणून हात चोळून गरम करायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे. दुसरे असे की एकाला 90 हा रोजचा आकडा असतो, तर रोज 96 असणाऱ्यासाठी 90 म्हणजे घंटा वाजली. प्रत्येकाच्या तक्त्यावर त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा आम्ही लिहून ठेवतो. 88 च्या खाली गेला तर मात्र कोणाचाही असो, फोन डॉक्टरांकडे जातो.

पुष्कळ जण विचारतात, घरोघरी ऑक्सिजनच का देत नाही? या आजारात काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस गुंगीत जातो. त्यातून चूल पेटलेल्या झोपडीत ऑक्सिजनची नळी! नको.

हे सारे कशासाठी? सीओपीडीचा रुग्ण एका रात्रीत क्वचितच बिघडतो. बहुधा दोन-चार दिवस आधी बेडका वाढतो, रंग पालटतो, झोप उडते. त्या दिवसांत औषध बदलले तर बहुतेकांचे घरीच भागते. तो वेळ हुकला की मग झोळी. तुमच्यापैकी जे पाड्यावर येऊन गेले त्यांनी ती पाहिली आहे: बांबूला घोंगडी बांधायची, आत माणूस, आणि चौघांनी आळीपाळीने खांदा देत डांबरी रस्त्यापर्यंत उतरायचे. कफर्णहूममध्ये पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून छपरातून खाली सोडले, ती गोष्ट आमच्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पण धाप लागलेल्या माणसाला झोळीत आडवे नेणे म्हणजे अर्धा जीव वाटेतच जातो. त्याला बसते राहायचे असते.

आता जरा कटू बोलते. मागच्या वर्षी आपल्यापैकी काहींनी प्रेमाने सुचवले की प्रत्येक घराला एक चांगले यंत्र देऊ, पडद्याचे, आपोआप आकडे पाठवणारे. स्कॉटलंडमध्ये लोथियन भागात हे नीट करून पाहिले आहे. 256 रुग्ण होते. निम्म्यांना असे यंत्र दिले, निम्म्यांना नाही, पण डॉक्टर-नर्सची सेवा दोघांनाही सारखी. 2013 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल आला: यंत्रामुळे रुग्णालयात दाखल व्हायची वेळ लांबली नाही. काही जण यावरून म्हणतील की देखरेखच व्यर्थ. मी तसे म्हणत नाही. तिथे यंत्र नसलेल्यांनाही विचारपूस करणारी नर्स होती. आमच्या पाड्यावर ती नर्सच नाही, आणि आम्ही जे उभे करतो आहोत ते तिलाच. सरकारच्या ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला मिळतो, तो आम्ही घेतोही. पण रात्री झोप लागली का, हे रोज सकाळी आपणहून विचारणारे कोणीतरी लागते.

आणि यंत्रापेक्षा मोठी अडचण वेगळीच निघाली. घरात फोन एकच, तो मुलाचा. दिवाळी झाली की मुलगा-सून ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते होळीला परत. फोन त्यांच्याबरोबर जातो. मागे राहतात म्हातारी माणसे, थंडी आणि बंद दाराआड रात्रभर धुमसणारी शेकोटी. म्हणजे ज्या चार महिन्यांत धाप सर्वांत वाढते, त्याच चार महिन्यांत आमचा फोन कोणी उचलत नाही. तिकडून मुलगा फोन करून आम्हालाच विचारतो, "सिस्टर, आई कशी आहे?" काही पाड्यांवर रेंज टेकडीवरच मिळते. धाप लागलेल्या माणसाला टेकडी चढ म्हणून कसे सांगणार? तिथे आशाताई तक्ता घेऊन जातात आणि टेकडीवरून आम्हाला कळवतात. त्यांच्यावर आधीच किती कामे आहेत ते तुम्ही जाणता.

तेव्हा तुमच्याकडे माझे मागणे साधे आहे, आणि त्याच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येणार नाही, हे आधीच सांगते. पावरी आणि भिली बोलणाऱ्या दोन मुलींचा वर्षभराचा पगार हवा. सध्या एकच आहे, ती आजारी पडली की फोन वाजत राहतो. आशाताईंना वाटखर्च हवा. पंपाचे औषध मध्येच संपू नये म्हणून थोडा साठा हवा, कारण बरे वाटले की लोक पंप सोडतात आणि पुन्हा घ्यायला येतात तेव्हा तो शिल्लक असला पाहिजे. गॅस सिलिंडर परत भरायला ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी थंडीपुरती मदत झाली तर उत्तमच.

आणि तुमच्या घरी जुना, चालू असलेला बटणांचा फोन पडला असेल तर चार्जरसह द्या. पडद्याचा नको, बटणांचाच. मागे माझ्या टेबलाशी वही ठेवली आहे, त्यात नाव लिहा. ऊसतोडीच्या गाड्या दिवाळीनंतर लगेच भरतात, त्याआधी हे फोन पाड्यांवर पोहोचून म्हाताऱ्यांना हिरवे बटण दाबायची सवय झाली पाहिजे.