जुन्या जीपचा पत्रा

'जीप आली' असे म्हटले की एके काळी शेतातली माणसे काम थांबवून मान वर करीत. एक तर ती साहेबाची असायची, नाहीतर निवडणुकीची! २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि मग गटविकास अधिकाऱ्यांबरोबर ही चौकोनी, बिनदाराची गाडी रस्ता नसलेल्या गावांपर्यंतही जाऊन पोचली. मूळची ती दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. मुंबईत १९४७ पासून महिंद्रांनी सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली.

अशी एखादी जीप तुमच्या गावातही कुणाच्या गोठ्यामागे, चिंचेखाली उभी असेल. भंगारवाला वजनाचा भाव सांगून गेला असेल आणि घरातले म्हातारे 'राहू द्या' म्हणत असतील. ती ठेवावी की द्यावी, याचा निकाल इंजिनावर लागतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो लागतो पत्र्यावर. इंजिन तालुक्याच्या गावीही उघडून दुरुस्त होते. पण तळ कुजलेल्या गाडीत माणसे बसवून घाटात नेणे म्हणजे जिवाशी खेळ.

तेव्हा आधी गंजाचीच ओळख करून घेऊ. शिक्षकबंधूंनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे घ्या. पहिल्या नळीत साधे पाणी आणि वर हवा. दुसरीत उकळून घेतलेले पाणी व त्यावर तेलाचा थर, म्हणजे हवा आत जाणार नाही. तिसरीत कॅल्शियम क्लोराइड टाकून कोरडी केलेली हवा, वर बूच. आठवड्याने पाहा : गंजलेला खिळा पहिल्याच नळीत सापडेल. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही एकदम लागतात. मीठ मिळाले तर काम आणखी झपाट्याने होते, म्हणून कोकणातली गाडी देशावरच्या गाडीपेक्षा लवकर खचते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धरला की पत्रे फुगून एकमेकांपासून सुटतात. रंगावरचा लहानसा फोड म्हणूनच क्षुल्लक मानू नये.

जीपमध्ये पाणी कुठे साठते, ते पाहा. तळाच्या पत्र्याला खालून बळकटी यावी म्हणून टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या जोडलेल्या असतात. युद्धकाळातल्या जीपमध्ये या पट्ट्यांत लाकडी ठोकळे घातलेले असत. लाकूड पाणी पिऊन बसते आणि पत्रा आतून खाल्ला जातो, वरून मात्र सारे ठाकठीक! दुसरी जागा ड्रायव्हरच्या बैठकीखालची, जिथे पेट्रोलची टाकी बसते तो खोलगट भाग. तिसरी, मागच्या चाकांवरच्या हत्यारांच्या पेट्या. पाणी जायला भोके ठेवलेली असतात, पण चिंचेचा पाला आणि चिखल ती बुजवतो. आणि लोक मायेने गाडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधतात, त्याने तर ओल आतच कोंडते. त्यापेक्षा वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा बरा.

परीक्षा सोपी आहे. लहान हातोडीने ठोकत जा. शाबूत पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द बोलतो. जिथे आवाज पडेल तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबा. ते आत गेले तर तेवढा पत्रा कापायचाच. वरचा गंज असेल तर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर पुरतो. मात्र जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. कोरडे घासून धुरळा उडवू नये, तोंडाला चांगला मास्क असावा आणि मुलांना दूर ठेवावे. सुटे लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने साफ करता येतात : बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार भागाला, धन तार भंगार लोखंडाच्या तुकड्याला. मीठ घालू नये, क्लोरीन सुटतो. स्टेनलेसचा तुकडाही वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येते. हे काम उघड्यावरच करावे, कारण निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

आता खरा वाद. गॅरेजवाला म्हणेल, 'साहेब, लांबी भरून देतो, दोन दिवसांत नवी कोरी दिसेल.' दिसेल खरी! पण भोकावर भरलेली लांबी म्हणजे पोखरलेल्या दाराला वरून रंग. मागून ओल चालूच राहते आणि पावसाळ्यात सगळे सुटते. लांबी ही खड्डा सारखा करण्यासाठी, तीही पातळ. भोकाला पत्राच लागतो.

कापण्यापूर्वी बॉडीची मापे लिहून ठेवा आणि दोन्ही बाजूंना आडव्या-तिरप्या पट्ट्या तात्पुरत्या जोडा. तळ निघाला की बाजू फाकतात, मग बोनेट बसत नाही. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. जुन्या तुकड्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापावा. नवा पत्रा जुन्यावर चढवू नये, त्या घडीत पुन्हा पाणी बसते. कडेला कड भिडवून जोडावा. हा पत्रा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचा. साध्या आर्क वेल्डिंगने त्याला भोक पडते. सीओटू वेल्डिंगवाला गाठा, आणि त्यालाही सलग ओढू देऊ नका. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचे. नाहीतर पत्रा पापडासारखा वळतो.

दुसरे एक भान हवे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडीच त्यांत बसते. तेव्हा कुजले तेवढेच बदलावे, आकार तोच ठेवावा. चासी नंबरावर तर ग्राइंडर मुळीच फिरवू नये.

रंगाचे थोडक्यात सांगतो. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. त्याच दिवशी प्रायमर लावावा, जोडांवर सीलर भरावा, मग रंग. पोकळ पट्ट्यांत ब्रश जात नाही, तिथे पातळ केलेले मेण फवारतात. काढलेले लाकूड पुन्हा घालावेसे वाटले तर ते आधी सर्व बाजूंनी रंगवून घ्यावे. आणि पाण्याची भोके रंगाने बुजली नाहीत ना, हे काडी घालून पाहावे. पहिला वळवाचा पाऊस झाला की पुन्हा एकदा गाडीखाली वाकून पाहा. थेंब कुठून पडतात ते तिथे कळेल.