कामापुढं नाव लिहा

मायबहिणींनो, परभणी जिल्ह्यातल्या आमच्या बचत गटाची गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

आम्ही दहा जणी. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून तूर घेतली. घरोघरी सालाची डाळ भरतात तेव्हा विकायची, असं ठरलं. कामं 'सगळ्या मिळून' करणार होतो. तेल-पाणी लावलेली तूर वाळवायला पहिल्या दिवशी सात जणी आल्या, दुसऱ्या दिवशी दोघी. हरभऱ्याची काढणी सुरू झालेली. मजुरी बुडवून कोण येणार? डाळ तयार झाली तोवर गावानं डाळ भरून ठेवली होती. हप्ता थकला. एका मावशीनं शेळी विकून आपला वाटा भरला. त्या बैठकीत कुणी कुणाकडं बघेना.

तेव्हा आमच्यातली एक सून म्हणाली, "बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. रुपया न् रुपया लिहितो, मग काम का लिहीत नाही?"

पुढच्या साली आम्ही उलटं मोजलं. पाडव्याला विक्री, तर होळीपर्यंत डाळ भरडून हवी. त्यासाठी महाशिवरात्रीपर्यंत तूर वाळायला हवी. म्हणजे खरेदी संक्रांत झाली की लगेच. आधी घरोघर विचारून मागणी लिहिली. क्विंटलभर तुरीची 70 किलोच्या आसपास डाळ उतरते, तो हिशेब धरूनच तूर घेतली.

मग वहीत चार रकाने आखले: काम काय, कुणी करायचं, कधीपर्यंत, आणि तिला अडचण आली तर कोण. हा चौथा रकाना विसरू नका. लेकरू आजारी पडतं, पाहुणे येतात, मजुरी सोडवत नाही. त्यात बाईचा दोष नाही. नाव मात्र तिला विचारूनच लिहा. वाचता येत नसेल तिच्यासाठी सूप, पोतं, तराजू अशी चित्रं काढा. दर बैठकीत पहिल्यांदा हेच पान वाचा.

त्या साली हप्ता वेळेवर गेला. मावशीची शेळी काही परत आली नाही. म्हणून ती वही आता मावशीच सांभाळते.

तुमचा धंदा पापडाचा असो की शेळीपालनाचा, येत्या बैठकीत चार रकाने आखा. 'सगळ्या' असं कुठंच लिहू नका. राम राम!